पाटीवाले साडूभाऊ

अख्ख्या मराठवाड्यात यंत्रांना अहो-जाहो करणारा माणूस एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो. माझी बायको थोरली, त्याची बायको तिची धाकटी बहीण. मी लातूरचा डाळमिलवाला, तो नांदेडचा, कारखान्यांच्या यंत्रांना डोकं बसवून देणारा. दुसऱ्याच्या मिलमध्ये चाळणीखालचा भुसा पोत्यात भरत मी सुरुवात केली आणि स्वतःच्या मिलपर्यंत आलो तो निव्वळ तोंडाच्या जोरावर. आपण आवाज चढवायचा, समोरच्यानं चढवायचा, मग दोघांनी थोडं थोडं खाली यायचं, चहा मागवायचा, सौदा पक्का. या माणसापुढे आवाज चढवला की तो चष्मा काढून पुसायला लागतो. चष्मा पुसणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला धंद्यानं शिकवलेलं नाही. त्यामुळे मी त्याच्यावर केलेला एक अन्याय सात महिने जसाच्या तसा पडून राहिला आणि त्यापायी लातूरच्या एकाही मिलवाल्यानं त्याला दारात उभं केलं नाही. तो एकदा तरी उलटून बोलला असता तर आठ दिवसांत सगळं मिटलं असतं. बोलला नाही. त्याच्यावरचा माझा राग तो एवढाच, पण तो पक्का आहे.

तो नेमकं काय करतो हेच मला कळायला बरीच वर्षं लागली. लग्न ठरलं तेव्हा सोयऱ्यांनी विचारलं, "पाव्हणं काय करतात?" तर हा म्हणाला, "कंट्रोलचं काम आहे." आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. बायकोच्या एका आत्यानं मांडवातच त्याला बाजूला घेतलं आणि "आमची दोन महिन्यांची साखर आली न्हाई, बघा की जरा," म्हणून गळ घातली. दुसऱ्या कुणी खुलासा केला असता. यानं वही काढून कार्डाचा नंबर लिहून घेतला, पुढच्या आठवड्यात खरंच त्या दुकानात जाऊन चौकशी केली आणि साखर आणून दिली. आत्या मरेपर्यंत त्याला दुकानदारच समजत होती. त्याच्या कामाचं खरं नाव म्हणजे सिंगल बोर्ड कॉम्प्युटर. पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी, आणि त्या एका पाटीवर सगळा संगणक. एका बाजूनं वायरी आत येतात, त्या त्याला सांगतात की ताप किती, ओल किती, पट्टा फिरतोय का. दुसऱ्या बाजूच्या वायरींतून त्याचे हुकूम बाहेर जातात, मोटार चालवा, आच कमी करा. पंखा नाही, म्हणून धूळ आत ओढली जात नाही. हलणारा भाग नाही, म्हणून हादऱ्यानं काही निखळत नाही. माझ्या मेव्हणीनं पहिल्याच वर्षी त्याला 'पाटी' म्हणायला सुरुवात केली आणि आता तोही तेच म्हणतो. फरक इतकाच, की ती म्हणते "पाटी बिघडली," आणि हा म्हणतो, "त्यांना बरं नाही."

नांदेडचा मे महिना हीच त्याची प्रयोगशाळा. जी पाटी नांदेडचा मे सोसते ती कुठल्याही भट्टीशेजारी चालते, असं त्याचं म्हणणं. म्हणून नवीन पाट्या चालू करून तो गच्चीवर उन्हात ठेवतो. मेव्हणीचं वाळवणही तेव्हाच असतं. एकाच धुतल्या लुगड्यावर इकडून कुरडया, तिकडून पाट्या, मधे विटांची हद्द. पाहुण्यांना ती सांगते, "तळायला काढताना बघून काढा, यांचं आणि माझं एकाच रांगेत हाय." एकदा कावळ्यानं कुरडई सोडून पाटीतलं नखाएवढं मेमरी कार्ड उचललं. साडूभाऊ ताटात वरणभात घेऊन गल्लीभर त्या कावळ्यामागे फिरला. "घ्या, हे घ्या, पण ते ठेवा खाली. त्यात औशाच्या दूध डेअरीचा सगळा प्रोग्राम आहे हो." भर दुपारी ताट घेऊन कावळ्याची आर्जवं करणारा माणूस बघून शेजारच्या आजोबांनी टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कुणाचं पान हाय?" कार्ड पुढे पन्हळीत सापडलं. तो वरणभात मात्र त्यानं कावळ्याला ठेवलाच. कबूल केलं होतं, म्हणाला.

पाटीमध्ये एक सोय असते, तिला तो राखणदार म्हणतो. प्रोग्रामनं दर थोड्या वेळानं राखणदाराला 'मी जागा आहे' असं कळवायचं असतं. कळवलं नाही, की प्रोग्राम अडकला असं समजून राखणदार सगळं यंत्र हलवून पुन्हा सुरू करतो. हा स्वतः कामात बुडाला की जेवताना हातातला घास हातातच राहतो. तेव्हा त्यानं घरात हीच पद्धत लावून घेतली आहे. मधूनमधून तो "हं" म्हणतो. कुणी काही विचारलेलं नसतं. "हं" यायचं थांबलं की मेव्हणी स्वयंपाकघरातून येते, खांदा धरून हलवते आणि परत पोळ्या लाटायला जाते. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा माझी बायको प्रत्येक "हं" ला वाढत गेली. चौथ्या भाकरीला त्यानं चष्मा पुसला.

इस्लापूरला त्यानं अंडी उबवायच्या खोलीला पाटी बसवली आणि पिल्लं फुटायच्या दिवशी मुद्दाम गेला. मालकानं मला सांगितलं, की पहिलं पिल्लू बाहेर आलं तेव्हा याचे डोळे भरून आले आणि तो पिल्लाकडे न बघता भिंतीवरच्या पाटीच्या डबीकडे बघून म्हणाला, "एकवीस दिवस डोळा लावला नाही त्यांनी." मी त्याला विचारलं होतं, मोठ्या कंपन्या एवढं मजबूत सामान विकतात, लोक तुमच्याकडं कशाला येतात? तो म्हणाला, "त्यांचं सामान चांगलंच असतं साडूभाऊ. पण बिघडलं की माणूस लांबून येतो. तोवर पिल्लं म्हातारी होतात."

माझ्या मिलची यंत्रं चालवणारं जुनं पॅनेल हंगामाच्या तोंडावर गेलं. बाहेर तुरीचे ट्रक लागायला लागले, आणि कंपनीवाला म्हणाला दीड महिना. बायको म्हणाली, "घरचा माणूस असताना बाहेर काय तोंड वेंगाडून राहिलात?" साडूभाऊ दुसऱ्या दिवशीच्या बसनं आला. त्याच्या वडिलांचा पितळी पानाचा डबा आहे, त्यात तो पाट्या ठेवतो; चुन्याच्या खणात स्क्रू, सुपारीच्या खणात कार्डं. त्यातली एक पाटी काढून त्यानं माझ्या गादीवर ठेवली. मी म्हणालो, "एवढी मोठी मिल हे खेळणं चालवणार?" त्यानं चष्मा पुसला आणि कामाला लागला. चार दिवसांत एलिव्हेटर, चाळणी, ड्रायर सगळं त्या पाटीच्या हुकमात आलं आणि पाचव्या दिवशी त्यानं मला पाटीला जोडलेला पडदा दाखवायला बोलावलं. सगळं मराठीत, ठळक अक्षरात. ज्याला काम करायचंय त्याला वाचता आलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"हा शब्द काढा."

"कोणता?"

"खालचा. लाल बटनावरचा. तुम्हीच वाचा, मी न्हाई म्हणणार."

"बंद?"

"म्हणू नका हो मिलमधी उभं राहून!"

मिलच्या आधी मी टाकलेलं पहिलं दुकान बुडालं तेव्हा गल्लीतली माणसं दारावरून जाताना हाच शब्द म्हणत होती. त्या दिवसापासून मी तो माझ्या धंद्याबद्दल तोंडातून काढलेला नाही. तसंही, संध्याकाळी फळ्या लावताना कुठलाच व्यापारी तो म्हणत नाही, दुकान वाढवलं म्हणतो. साडूभाऊनं पेन काढलं.

"बरं, थांबा लिहू?"

"थांबा एसटीचा असतो."

"विश्रांती?"

"ऑपरेटर घोरत पडंल."

"मग शांत?"

"अहो, माणूस गेला की शांत झाला म्हणतात! मिलचं तेरावं घालायचंय का?"

"तुम्हीच सांगा मग."

"वाढवा. वाढवा लिहा. सगळा बाजार तेच म्हणतो."

त्यानं चष्मा पुसायला घेतला, आणि बराच वेळ पुसला. "साडूभाऊ, बाजारात माणूस माणसाला म्हणतो, म्हणून कळतं. इथं पाटी विचारणार आणि माणूस उत्तर देणार. गोंधळ होईल."

"मिल माझी हाय का तुमच्या पाटीची?"

"तुमची आहे."

"मग जिथं जिथं तो शब्द असंल तिथं तिथं हा टाका. एक जागा सुटता कामा नये."

आणखी एक गोष्ट मी त्याच्याकडून करून घेतली. ड्रायरचा ताप हद्दीबाहेर गेला की पाटी आपणहून आच थांबवणार होती. मी म्हणालो, माझ्या माणसाला विचारल्याशिवाय माझ्या मिलमध्ये काही थांबणार नाही. यावर तो एवढंच म्हणाला, "मग त्या काय विचारतात आणि माणूस काय सांगतो, ते लिहून ठेवायला सांगतो त्यांना." मला वाटलं, या भावात मी जिंकलो.

दोन महिने मिल अशी चालली की बाजारात माझ्या डाळीचा रंग ओळखू यायला लागला. रोजचा ऑपरेटर शिवाजी हुशार होता, संध्याकाळी "शेठ, वाढवू का?" म्हणून विचारायचा आणि लाल बटण दाबायचा. आजूबाजूचे मिलवाले पाटी बघायला यायला लागले. चौघांनी साडूभाऊला पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं. मेव्हणीनं फोनवर बायकोला सांगितलं, की लातूरची कामं मिळाली तर नांदेडचं भाड्याचं वर्कशॉप सुटून स्वतःचं होईल, गच्चीवरचा पसारा एका जागी येईल. तो स्वतः काही बोलला नाही, पण त्या फोनमध्ये मागून दर थोड्या वेळानं येणारं "हं" जरा आनंदी होतं, असं बायको म्हणाली.

मग शिवाजी भाचीच्या लग्नाला निलंग्याला गेला आणि बदलीवर उदगीरचे रहीमभाई आले. तेलाच्या मिलमध्ये वीस वर्षं काढलेला, डोकं जाग्यावर असलेला माणूस. दुपारी मी केबिनमध्ये फोनवर एका दलालाशी वाद घालत होतो, तेवढ्यात करपल्याचा वास आला. धावत गेलो तर ड्रायरमधून काळा धूर आणि रहीमभाई वायर उपसून हातात धरून उभे.

"मालक, ही मशीन येडी हाय! उष्णता लई झाली म्हणते, आन् वरून विचारते, वाढवू? म्या म्हणलं न्हाई. घडीभरानं परत, वाढवू? पाच बार न्हाई म्हणलं मालक, पाच बार! तरी विचारूनच राहिली. मग म्या वायरच उपसली."

मला त्याच क्षणी सगळं कळलं. रहीमभाईंच्या जागी जगातला कुठलाही शहाणा माणूस 'नाही' च म्हणाला असता. शब्द माझा होता. पण ड्रायरभर डाळ कोळसा झालेली, आणि वास घेत घेत तेच चार मिलवाले माझ्या फाटकातून आत येत होते. त्यांच्या तोंडावरची उत्सुकता बघितली आणि मी फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"साडूभाऊ, तुमच्या खेळण्यानं माझी डाळ जाळली!"

तिकडून एकच प्रश्न, "कुणाला भाजलं का?"

"माणसं बरी हायत. डाळ गेली!"

"येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पाटीनं लिहून ठेवलेलं वाचलं. पाच ओळी होत्या, पाच वेळा 'वाढवू?' आणि पाच वेळा 'नाही'. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी तुरीच्या पोत्यांकडे बघितलं. ते चौघेही होतेच, तमाशा बघायला. आता हा तोंड उघडणार, मी ओरडणार, हा ओरडणार, आणि मग चहा मागवू, असा माझा हिशेब होता. त्यानं पाटीच्या डबीवर हात ठेवला आणि म्हणाला, "यांची चूक नाही." बस्स. चौघांना वाटलं, माणूस स्वतःच्या मालाची बाजू घेतोय. एकजण जाता जाता मला म्हणाला, "बरं झालं आधी तुमच्याकडं बसवली." सगळ्यांनी त्याला नाही कळवलं. साडूभाऊनं त्याच दिवशी पडद्यावरचा तो प्रश्न काढून टाकला. आता ताप चढला की पाटी कुणालाही न विचारता आच थांबवते. लाल बटणावरचा माझा शब्द मात्र त्यानं तसाच ठेवला.

पुढे सात महिने तो भेटला की नेहमीसारखाच वागायचा, म्हणजे काहीच बोलायचा नाही. मी मुद्दाम विषय काढायचो, "तुमची ती पाटी..." तो म्हणायचा, "बऱ्या आहेत ना?" आणि भाजी मागून घ्यायचा. माझा संताप वाढत गेला. शेवटी एका बारशाला मेव्हणीनंच मला पाळण्यामागं गाठलं.

"दाजी, पाच वेळा न्हाई कोण म्हणलं हो?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी न्हाई. त्या पाच ओळी लिहून घेतलेला कागद ह्यांच्या खिशात होता, धुताना सापडला. मी म्हणलं, लातूरला जाऊन सांगा सगळ्यांना. तर म्हणतात, त्यांचा तिथं धंदा हाय, लोक हसतील त्यांना. मी म्हणलं, आन् तुम्हाला लोक हसले तर? तर म्हणतात, मला हसू द्या, पण त्यांना खेळणं म्हणायला नको होतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांना म्हणजे पाटीला, दाजी. तुम्हाला न्हाई."

या आधी मला शिव्या दिलेल्या माणसांची यादी मोठी आहे. एकानंही एवढं झोंबणारं सांगितलेलं नव्हतं. मी त्याच बारशात ठरवलं, आणि मी एकदा ठरवलं की माझ्या बापाचंही ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यात सौदा सुरू व्हायच्या आधी, जिथं सगळे मिलवाले आणि अडते उभे असतात, तिथं मी तुरीच्या ढिगावर चढलो आणि ओरडलो, "माझी डाळ पाटीनं जाळली न्हाई. माझ्या शब्दानं जाळली." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. रहीमभाईंचं पाच बार न्हाई सांगितलं तेव्हा तर एक अडत्या पोत्यावर बसून पोट धरून हसत होता. "म्हणजे शेठ, तुम्ही डाळ वाढवली म्हणा की!" दुसरा ओरडला, "ओ वाढवाशेठ, आज भाव वाढवता का दुकान?" तिसऱ्यानं हात जोडून विचारलं, "शेठ, वाढवू? हो का न्हाई?" त्या दिवसापासून मला मोंढ्यात वाढवाशेठ हेच नाव पडलंय आणि ते आता जाणार नाही. हसणं ओसरू दिलं आणि मग त्या चौघांना एकेक करून धरलं. साडूभाऊच्या वतीनं असा भाव केला, असा भाव केला, की स्वतःच्या डाळीसाठी कधी केला नव्हता. दोघं तिथंच तयार झाले. तिसरा संध्याकाळपर्यंत आला. चौथ्याला अजून सोडलेलं नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी साडूभाऊ आधी माझ्याकडे आला. मोंढ्यात काय झालं त्याबद्दल चकार शब्द नाही. पडद्यापुढे बसला, लाल बटणाची जागा उघडली आणि विचारलं, "काय लिहू?"

मी म्हणालो, "बंद."

"नक्की?"

"बंद. बंद लिहा हो, किती वेळा म्हणायला लावता!"

त्यानं लिहिलं आणि बाजूला सरकला. "एकदा दाबून बघा." दुपारची वेळ, भर कामाचा दिवस, ट्रक लागलेले. मी दाबलं. आधी ड्रायर उतरला, मग चाळण्या, सगळ्यात शेवटी एलिव्हेटरचा पट्टा हळू होत होत थांबला. माझी मिल दिवसाउजेडी एवढी गप्प मी कधी ऐकली नव्हती. पत्र्यावर कबुतरांच्या पायांचा आवाज येत होता. आणि त्या शांततेत मला दुसराही एक आवाज आला, बारीक, शीळ घातल्यासारखा. तो साडूभाऊच्या श्वासाचा होता. इतकी वर्षं माझ्याच बडबडीखाली तो कधी कानावरच पडला नव्हता. औसा, किल्लारी, नांदेड, जिथं जिथं कापूस, भुसा, चुनी उडते तिथं तिथं हा माणूस पाट्यांना रबर लावून धूळबंद डब्यांत बसवत आला आणि स्वतः उघड्या नाकानं शेजारी उभा राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय?"

"ही शीळ."

त्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. "झाली असतील चार-पाच वर्षं. थंडीत जरा जास्त असतं."

मी त्याच्या शेजारी तुरीच्या पोत्यावर बसलो. फाटकावर एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं. साडूभाऊनं पडद्याकडे हात नेला. "चालू करू?"

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हणालो. "धूळ खाली बसू द्या."